अठरा पॉइंटची स्पेस

"ही ओळ खाली सरकलीये की माझा चष्मा?" प्रूफवाल्या काकांनी विचारलं, मी म्हटलं चष्माच असेल. झूम करून बघते तर खरंच, मधल्याच एका ओळीवर जास्तीची फट.

परिच्छेदाच्या आधीची-नंतरची जागा, म्हणजे स्पेस बिफोर, स्पेस आफ्टर, सगळं शून्य करून झालं, अर्धा तास गेला, मग आठवलं की इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिडिंग (ओळींमधलं अंतर) अक्षराला चिकटलेलं असतं, ओळीत ज्याचं सगळ्यात मोठं त्याचंच चालतं. मजकूर ११ पॉइंटचा, लिडिंग १४, आणि ओळीच्या शेवटी वर्डमधून आलेली एक स्पेस, १८ पॉइंटची! तिचं लिडिंग ऑटो, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के, म्हणजे १४ च्या जागी २१.६. दिसत तर नाही, वर जागा अडवून बसलीये.

काकांना सांगितलं तर हसले. "आमच्या वेळी स्पेसचाही छपाईचा शिशाचा खिळा असायचा, चिमटीत धरून बाजूला काढता यायचा."