गोल्डन ग्लोब आणि ‘जेवाले काय व्हतं?’

“कोनले भेटनं ते मंग सांग. जेवाले काय व्हतं?”

दर जानेवारीत माझ्या आईचा हाच पहिला प्रश्न. इथे लॉस एंजेलिसला संध्याकाळचे पाच वाजतात आणि गोल्डन ग्लोबचं, म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमा-टीव्हीच्या बक्षीस सोहळ्याचं, थेट प्रक्षेपण सुरू होतं, तेव्हा अमळनेरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. आईचा पहिला चहा झालेला असतो, नळ यायचे असतात. अमेरिकेचं सगळं टाइमटेबल तिला या एका फोनपुरतं तोंडपाठ आहे.

सुरुवातीला मला तिच्या प्रश्नाचं हसू यायचं. मग लक्षात आलं, बाई मुद्द्याचंच विचारतेय. ऑस्करला डॉल्बी थिएटरात खुर्च्यांच्या रांगा असतात, शाळेच्या स्नेहसंमेलनासारख्या. गोल्डन ग्लोब ही मुळात पंगत आहे. बेव्हर्ली हिल्टन हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, मधोमध फुलं, शॅम्पेन. पहिला सोहळा 1944 च्या जानेवारीत झाला आणि 1961 पासून मुक्काम या हॉटेलात. सिनेमा आणि टीव्ही या दोघांची बक्षिसं एकाच संध्याकाळी उरकतात, म्हणजे सोयरीक दोन्हीकडची. आणि पंगत म्हटली की मानपान आलाच! सिनेमाची बडी मंडळी स्टेजला खेटून, टीव्हीवाले बऱ्याचदा मागे. मागच्या एखाद्या बाईला बक्षीस लागलं की ती झगा सावरत, खुर्च्यांमधून वाट काढत येते आणि तिचा अर्धा वेळ चालण्यातच जातो. व्याह्यांना मागच्या रांगेत बसवलं म्हणून आमच्या तालुक्यात ताटावरून उठलेली माणसं मी पाहिली आहेत. इथे कुणी उठत नाही. हसतात, टाळ्या वाजवतात. आतलं त्यांचं त्यांना ठाऊक.

आता मेनू. 2020 साली त्यांनी मांसाहार पूर्ण बंद ठेवला होता. पर्यावरणासाठी. बीटाचं गार सूप आणि मग मटणाची हौस भागवायला मशरूम. आईला सांगितलं तर म्हणाली, “मंग भरीत कराले काय व्हयनं व्हतं त्यासले?” 2024 ला नोबू मात्सुहिसा या नावाजलेल्या जपानी शेफचं जेवण होतं. कच्च्या माशाचं मी तिला हळूच सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. आणि गंमत म्हणजे हे जेवण प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच आटोपतात. कॅमेऱ्यापुढे घास घेताना कोण दिसायला नको ना! म्हणजे दुपारच्या उन्हात चमकीचे झगे घालून उतरायचं, चार वाजता जेवायचं. वैशाखात भर दुपारी सूट घालून वरातीत नाचणारा आमचा नवरदेव आणि हे हॉलिवूडवाले, दोघांची तऱ्हा एकच.

आईच्या त्या भरिताच्या टोमण्यावरूनच आमचा कार्यक्रम सुरू झाला. जानेवारी म्हणजे खान्देशात भरीत पार्ट्यांचा महिना. इथे आम्ही तीन घरं: एक अमळनेर, एक चोपडा, एक शिरपूर. ग्लोबच्या दिवशी आमच्याकडे जमतो. बामणोदची हिरवी वांगी इथे कुठून आणणार! आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत जांभळी, लठ्ठ वांगी मिळतात, ती घ्यायची. कपाशीच्या काड्यांचा जाळ नाही, अंगणातली बार्बेक्यूची शेगडी. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून वांगी घरात गॅसवर भाजली. धुराची घंटा जी कोकलायला लागली ती चोपडेकर भाऊंनी खुर्चीवर उभं राहून टॉवेल फडकवेपर्यंत थांबली नाही. तेवढ्यात दोन बक्षिसं गेली. कुणाला गेली ते आजही कुणाला सांगता येत नाही. भरीत ठेचायची लाकडी बडजी शिरपूरच्या वहिनींनी बॅगेतून आणलेली आहे, कपड्यांत गुंडाळून. त्याला लाकूडच लागतं, मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. ताटं मांडीवर, डोळे टीव्हीवर.

2023 चा सोहळा मंगळवारी होता, 10 जानेवारीला. त्या आठवड्यात कॅलिफोर्नियात असा पाऊस की बोरीला पूर आल्यासारखं वाटावं. शेगडी पेटणं शक्य नव्हतं, म्हणून आमची खान्देशी झणझणीत फौजदारी डाळ आणि भात. आणि नेमकं त्या दिवशी ‘नाटू नाटू’ला सर्वोत्कृष्ट गाण्याचं बक्षीस! संगीतकार एम. एम. कीरवाणी स्टेजवर चढले तेव्हा आमच्या घरात तीन घरांचा मिळून जो आरडाओरडा झाला, त्याने शेजारच्या आजोबांनी दार वाजवलं. तेलुगू आमच्यापैकी कुणालाच येत नाही. याआधी 2009 मध्ये ए. आर. रहमान यांना ग्लोब मिळाला तेव्हा मी अमळनेरात होते आणि तो बातम्यांत पाहिला होता.

आता एक गोष्ट, जी मी आईला सांगितली नाही. या पुरस्काराचा निकाल वर्षानुवर्षं 87 च्या आसपास परदेशी पत्रकार लावायचे. जगभर गाजणारं बक्षीस, आणि मतदार आमच्या गल्लीतल्या भिशीच्या सभासदांपेक्षा थोडे जास्त. 2021 मध्ये वर्तमानपत्रांनी उघड केलं की त्यांच्यात एकही कृष्णवर्णीय नाही. टॉम क्रूझने आपले तीन ग्लोब परत केले. 2022 ला टीव्हीने सोहळा दाखवलाच नाही आणि निकाल ट्विटरवर लागले. त्या वर्षी आम्ही भरीत केलं आणि फोनवर बोट फिरवत बसलो. पंगत बसली, वाढपी नाहीत, असं काहीतरी. पुढे 2023 मध्ये त्या पत्रकारांची संस्थाच मोडली, आणि आता कितीतरी देशांतले तीनशेहून अधिक जण मत देतात. सुधारलं का? माझं मत, बरंच. पण आमची भिशीही सुधारल्यावर दोन वर्षं बरी चालली होती.

2025 च्या 5 जानेवारीला मात्र मी सकाळपासून अस्वस्थ होते. पायल कपाडिया यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं नामांकन होतं. भारतीय स्त्री दिग्दर्शकाला हे पहिल्यांदाच. त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मल्याळम आहे, हिंदी आहे आणि मराठीही आहे. छाया कदम यांची पार्वती मुंबई सोडून कोकणातल्या आपल्या गावी परतते. ग्लोबच्या यादीतल्या सिनेमात मराठी ऐकू येणं, यासाठी मी त्या दिवशी दोन किलो वांगी जास्त भाजली. दिग्दर्शनाचं बक्षीस ब्रॅडी कॉर्बेट घेऊन गेले आणि परभाषिक सिनेमाचं ‘एमिलिया पेरेज’ला गेलं. आमच्याकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग शिरपूरच्या वहिनी म्हणाल्या, “चाला, पुऱ्या थंड्या व्हई राह्यन्यात.”

रात्री आईचा फोन आला, तिकडची सकाळ. या वेळी जेवणाचं विचारलंच नाही.

“छायाले काय भेटनं?”

“नाही मिळालं, माय. सिनेमालाच नाही मिळालं.”

“बरं.” मग भांडी सरकवल्याचा आवाज. “तू काय जेवनी?”

“भरीत.”

“वांगी कोनती?” मी जांभळी म्हणाले. ती काहीतरी पुटपुटली. मग एकदम, “नळ उना वं, ठेवस.”