इंग्रजी नऊ, मराठी एक

“साहेब, एक पोरगी बंदूक घेऊन आलीय. वर सोडू का?”

मे महिन्यातला शुक्रवार, दुपारचे साडेतीन. फोन गेटवरच्या हवालदाराचा. मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत शस्त्र परवान्यांचं टेबल सांभाळतो, त्यामुळे असले फोन नवे नाहीत. पण बंदूक घेऊन येणारे बहुधा मिशीवाले असतात. कारखान्याचे संचालक, सराफ, निवृत्त सुभेदार.

खाली गेलो. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, अंगात ट्रॅकसूट, शेजारी वडील. कुलूप लावलेल्या लांब पेटीत .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) जर्मन रायफल, बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत. रविवारी रात्री मुंबईहून विमान, हॅनोवरला स्पर्धा.

“भाऊसाहेब, परवान्यात एकच आकडा चुकलाय हो,” वडील म्हणाले. “तेवढा पेनाने नीट करून द्या.”

दहा मीटरची एअर रायफल असती तर ही मंडळी आमच्याकडे फिरकलीच नसती. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. .२२ मध्ये बारूद आली, आणि बारूद आली की आम्ही आलो.

मुलगी चाणाक्ष होती. परदेशातल्या संयोजकांना बंदुकीचा मेक, बोअर, अनुक्रमांक आधी कळवावा लागतो, त्यावर तिकडची परवानगी मिळते. तो फॉर्म तिने परवाना बघून न भरता थेट रायफलीवरून भरला होता. आदल्या रात्री बॅग भरताना दोन्ही कागद शेजारीशेजारी आले. परवान्यात चौथा आकडा नऊ, रायफलीवर एक.

“सर, विमानतळावर चालवून घेतील का?” तिने विचारलं.

चालवून घेणार नव्हते. एअरलाइनच्या काउंटरवर बंदूक जाहीर करायची, काडतुसं वेगळी बांधायची, तीही पाच किलोच्या आत. कस्टम्सकडून दाखला घ्यायचा, नाहीतर परत येताना हीच बंदूक आयात केलेली ठरायची. या सगळ्या टेबलांवर माणूस एकच गोष्ट बघतो, कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर. दोन्ही जुळले नाहीत तर हातातली बंदूक सरळ विनापरवाना.

नस्ती काढली. रायफल तिने एका जुन्या नेमबाजाकडून विकत घेतलेली. त्यांच्या हस्तलिखित परवाना-पुस्तिकेची झेरॉक्स आत होती. त्या काळच्या कारकुनाने सहा आकड्यांतले तीन इंग्रजीत, तीन मराठीत असा कारभार केलेला. (हसायला जागा नाही, चेकवर मीही कधीकधी तेच करतो.) चौथा आकडा मराठी एक होता. मी तो इंग्रजी नऊ म्हणून संगणकात टाकला. पोलीस ठाण्याच्या अहवालातही नऊच, कारण त्यांनीही प्रत्यक्ष बंदूक न बघता आमच्याच कागदावरून उतरवलं असणार. नोंदीखाली आद्याक्षरं माझी.

वडिलांना सांगितलं, “चूक माझी आहे. पण पेनाने नाही होणार.”

ते काही बोलले नाहीत. मुलगी मात्र घड्याळ बघत होती.

पोलीस मुख्यालयात आरमोररला, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याला, फोन लावला. पाच वाजता तो निघणार होता. माझ्याच स्कूटरमागे त्यांची गाडी आली. आरमोररने फडक्याने तेल पुसलं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. आरटीओत चेसिसचा ठसा घेतात, अगदी तसा. करड्या शिशातून आकडे एकेक करून वर आले. चौथा उभा, टोकदार, जर्मन एक. शंका घ्यायला जागाच नाही. ठशाखाली त्याने सही केली आणि मला म्हणाला, “हे तेव्हाच करायचं असतं, साहेब.”

टिपणी घेऊन आरडीसी, म्हणजे निवासी उपजिल्हाधिकारी, मॅडमकडे गेलो. “कोणाची चूक?” त्यांनी मान वर न करता विचारलं. माझी, म्हटलं. त्यांनी तसं टिपणीत लिहायला लावलं. लिहिलं. कलेक्टरसाहेब मान्सूनपूर्व बैठकीसाठी तालुक्याला गेलेले. सात वाजले, साडेसात झाले. बापलेक बाकावर बसून होते, मुलगी अधूनमधून डावा हात कोपरात वाकवून नुसताच तोलत होती, जणू रायफल हातात आहे. शिपाई तिला म्हणाला, “ताई, तू स्वप्नील कुसाळेला ओळखतेस का?” २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या त्याच्या कांस्यपदकानंतर प्रत्येक नेमबाजाला आमच्याकडे हा प्रश्न येतो. ती म्हणाली, “रेंजवर लांबून बघितलंय.”

आठ वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी पोर्चमध्येच, गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवून सही केली. त्यानंतर पोर्टलवरची दुरुस्ती, आणि सर्व्हरने शुक्रवार रात्रीचा बाणा दाखवला. तीनदा लॉगिन केलं. नवा परवाना छापून शिक्का मारेपर्यंत साडेनऊ. मुलीने पेटी उघडली, परवाना रायफलीशेजारी धरला आणि सहाही आकडे बोट ठेवून, मोठ्याने वाचले. माझ्याकडे न बघता.

सोमवारी मी त्याच वर्षातल्या, हस्तलिखित पुस्तिकांवरून उतरवलेल्या माझ्या नोंदी काढल्या. एकूण एकेचाळीस. दुपारपर्यंत आणखी दोन नऊ संशयास्पद निघाले. त्या दोघांनाही बंदूक घेऊन यायला पत्रं धाडली, आणि गेटवरच्या हवालदाराला आधीच सांगून ठेवलं.