कराराला नवरा साक्षीदार

नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात मी भाडेकरार करून देतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि ठशाचं मशीन घेऊन घरी जायचं आणि ऑनलाइन नोंदणी लावायची. चौदा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी चारशेच्या आसपासच बसते, नोंदणी फी हजार. तरी लोक नोटरीवर भागवतात. अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही, हे खूळ डोक्यातून जात नाही. लागतं! १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्याचं सांगतोय तो भाडेकरू टेम्पो चालवतो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला. टोकन द्यायच्या आधीच म्हणाला, "दादा, मागनं कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो. मारामारीची केस होती. शिक्षा भोगून आलोय." घरमालकीण काकू निवृत्त शिक्षिका. मुलगी कितवीत आहे एवढं विचारलं आणि चालेल म्हणाल्या.

अडलं सोसायटीत. सेक्रेटरींनी मोबाइलवर ई-कोर्ट्सला, म्हणजे कोर्टाच्या केसेस दिसतात त्या साइटला, नाव टाकून केस शोधली होती. "आधी पोलीस व्हेरिफिकेशन आणा, मग एनओसीचं बघू." अहो, पोलिसांना घरमालकाने भाडेकरूची नुसती माहिती द्यायची असते. फोटो, ओळखपत्र, कामाचा पत्ता, ओळखीच्या माणसांची नावं. ती परवानगी नव्हे. शिक्षा भोगून आलेल्याला घर देऊ नका, असं कुठलाच कायदा म्हणत नाही. पण हे सेक्रेटरींना कोण सांगणार? त्याच बिल्डिंगमधल्या त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये चार पोरं राहतात, करार नोटरीवर. म्हणजे कलम ५५ त्यांनाच लागू. मी गप्प बसलो. तिथली माझी निम्मी कामं त्यांच्या शब्दावर येतात.

शेवटी काकूंनी तोड काढली, करार बायकोच्या नावाने. सेक्रेटरी लगेच तयार! राहणार तोच माणूस, त्याच घरात, हे त्यांनाही ठाऊक. फक्त कागदावर नाव नको.

रात्री रिकाम्या फ्लॅटमध्ये बसलो. बायकोचा अंगठा काही लागेना. भांडी घासणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या हातांचं हे नेहमीचंच, रेषाच झिजलेल्या असतात. बोट पुसायचं, कपाळावर घासायचं म्हणजे जरा तेलकट होतं, मग दाबून न धरता अलगद टेकवायचं. लोक मशीनवर जोर लावतात आणि ठसा फिसकटतो. दहाही बोटं फिरवून अखेर डाव्या हाताची अनामिका लागली.

साक्षीदार दोन लागतात. एक मी, दुसरा माझा पोरगा ऐरोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "मी चालतो का?" नवऱ्याने विचारलं. न चालायला काय झालं? त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात जुळला. "सवय आहे ठसे द्यायची," म्हणाला आणि स्वतःच हसला.

पोलिसांच्या फॉर्मात मात्र काकूंनी त्याचं नाव, फोटो, सगळं भरायला लावलं. "त्यांच्यापासून काय लपवायचंय? त्यांना तर आधीच माहिती आहे."

आता करार संपत आलाय. काकू म्हणतात, या खेपेला नाव त्याचंच घाल, सोसायटीचं मी बघते. तो म्हणतो, राहू द्या, मुलीची शाळा जवळ आहे, उगाच कशाला. मसुदा या आठवड्यात टाकायचाय, आणि मला दोघांचंही पटतं.