टू-स्ट्रोक मागे का पडली, माझं मत

रविवार, रात्र

आज माझ्या 250 सीसी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडीचं (म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीची बाईक) टॉप एन्ड, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम, केलं. हेड काढलं, सिलेंडर उचलला, नवीन पिस्टन, रिंग, गॅस्केट, आणि अंधार पडायच्या आत गाडी सुरू. मित्राच्या 450 फोर-स्ट्रोकला हेच काम करायचं म्हणजे कॅम काढा, टायमिंग चेनच्या खुणा जुळवा, व्हॉल्व्हचा गॅप मोजा, गॅप जुळवायची चकती (शिम) बदला, परत मोजा, आणि ते टायटॅनियमचे व्हॉल्व्ह बसत गेले की गॅप कमी होतो आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागते. दुर्लक्ष केलं आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर खर्च विचारूच नका.

तरी मोटोक्रॉसवाले सगळे टू-स्ट्रोक सोडून फोर-स्ट्रोककडे का गेले, हे डोक्यात घोळत होतं. 1997 ला अमेरिकन रेसर डग हेन्रीने लास वेगासला यामाहाच्या 400 सीसी फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉसची (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची) मेन रेस जिंकली, पुढच्या वर्षी वायझेड400एफ बाजारात आली आणि त्याने त्याच गाडीवर अमेरिकेतली 250 ची आउटडोअर चॅम्पियनशिप घेतली. मग बाकीच्या कंपन्याही धावल्या, आणि 2007 च्या मॉडेलनंतर होंडाने सीआर टू-स्ट्रोक बंदच केल्या.

लोक म्हणतात फोर-स्ट्रोक चांगली होती म्हणून जिंकली. मला हे अर्धंच पटतं. 250 टू-स्ट्रोकसमोर 450 फोर-स्ट्रोक, 125 समोर 250, असे शर्यतीचे क्लास केले होते ना, म्हणजे फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट सीसीची सूट! कारण काय, तर टू-स्ट्रोकला क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पॉवर स्ट्रोक मिळतो आणि फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा. जुन्या जड, हळू फिरणाऱ्या इंजिनांसाठी हा हिशोब ठीक होता, पण नवीन फोर-स्ट्रोक 11,000 आरपीएमच्या वर जायला लागल्या तरी सीसीची सूट तशीच राहिली, मग बिचारी 125 काय करणार? आणि गंमत बघा, 1964 आणि 65 ला जेफ स्मिथने बीएसए कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर मोटोक्रॉसची 500 सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि 1966 ला पॉल फ्रिडरिख्सने सीझेड कंपनीच्या टू-स्ट्रोकवर तीच काढून घेतली, म्हणजे आधी उलटं वारं वाहिलेलं होतं, फरक एवढाच की तेव्हा हलक्या गाडीने स्वतःच्या जोरावर बाजी मारली.

प्रदूषणाचं कारण मात्र खरं आहे. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं पोर्ट उघडं असतानाच ताजं मिक्स्चर आत येतं, त्यातलं थोडं न जळताच बाहेर जातं, वर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा धूर. कॅलिफोर्नियाने नव्वदच्या दशकात नियम कडक केले ते उगाच नाही. आवाजाचं मात्र उलटं झालं, फोर-स्ट्रोकचा तो खोल धडधडाट लांबवर जातो आणि ट्रॅकच्या शेजाऱ्यांना तोच जास्त खटकतो.

चालवायला फोर-स्ट्रोक सोपी आहे हे मान्य. खालपासून टॉर्क, मागचं टायर जमीन धरून ठेवतं, थकलेल्या हातांनाही पुढे नेते. टू-स्ट्रोकला क्लच आणि थ्रॉटलवर सतत बोटं जागी लागतात, पॉवरबँड (जिथे इंजिन खरा जोर देतं ती आरपीएमची पट्टी) सुटला की गाडी मरगळते, सापडला की उडते, इंजिन ब्रेकिंग जवळपास नाहीच. म्हणूनच मी म्हणतो, शिकायला 125 हवी, तिच्यावर कॉर्नरचा स्पीड टिकवायला शिकलेला माणूस नंतर कुठल्याही गाडीवर वेगळा दिसतो.

आणि ती संपलेली नाहीच. हार्ड एन्ड्युरोत (डोंगर-दगडांतून जायच्या अवघड शर्यतींत), ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गसारख्या दगडांच्या चढावर, हलकी टू-स्ट्रोकच वर जाते. केटीएमने 2017 मध्ये ट्रान्सफर पोर्टमधून (सिलेंडरात मिक्स्चर नेणाऱ्या वाटेतून) पेट्रोल इंजेक्शनने देणाऱ्या एन्ड्युरो टू-स्ट्रोक आणल्या, म्हणजे दर वेळी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली, धूरही कमी झाला. यामाहाची वायझेड250 टू-स्ट्रोक आजही नवीन मिळते. मग हौशी शर्यतींत तरी सगळीकडे 250 समोर 250 लावून बघायला काय हरकत आहे, काही ठिकाणी लावतातही, आणि तिथे टू-स्ट्रोकवाले मागे राहत नाहीत.