कुर्ली भट्टीत जाईपर्यंत

मिरगात मातीची कुर्ली (खेकडा) करायला घेतली, हीच पहिली चूक. पावसात वेंगुर्ल्यात टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे वीतभर कुर्लीच्या पोटातलं पाणी कुठून उडणार? घडवून मात्र चार दिवसांत झाली.

आमच्याकडे भट्टी नाही. दोन तासांवर एकांची विजेची आहे. तीन आठवड्यांनी डबा मांडीवर घेऊन एसटीने गेलो. त्यांनी कुर्लीची पाठ गालाला लावली. "गार लागतेय. ओली आहे. घेऊन जा." चिडलो, पण बरोबर त्यांचंच होतं. आत पाणी राहिलं की शंभर अंशांपुढे त्याची वाफ होते, काम फुटतं आणि शेजारच्यांचंही फोडतं.

घरी फ्रीजमागे ठेवली. नांग्या आधी वाळल्या, पाठ ओलीच, सांध्याला भेग! (नांग्यांना प्लास्टिक गुंडाळा, म्हणजे सगळं बरोबरीने वाळतं. पोट आतून पोखरा, खाली एक भोक ठेवा.) मासळीवाल्या मावशीने वर ऐकवलं, "मागचे पाय वल्ह्यासारखे असतत. तू खंयची कुर्ली बघलंस?" मी टोकदार केले होते. दुसरी केली.

ती गालाच्या परीक्षेत पास झाली, तर आता "भट्टी भरली की लावू". दर सोमवारी फोन. "गणपतीनंतर बघू." गणपती गेले. "पितृपक्षात कोण काम आणतंय?" मीच शेजाऱ्यांच्या पणत्या गोळा करून नेऊ का, असंही विचारलं; ते हसले. त्या दिवसांत वाचलं की १७३०च्या दशकात जर्मनीतल्या मायसनला केंडलर या शिल्पकाराने राजासाठी पोर्सेलीनचे मोठाले प्राणी केले आणि भट्टीत त्यांना तडे गेले. राजाच्या कामाची ही गत! तेवढंच बरं वाटलं.

नवरात्रात एकदाची लागली. कच्ची भाजणी, मग ग्लेझ (काचेसारखा लेप). हिरव्यासाठी कॉपर ऑक्साइड, तपकिरीसाठी आयर्न. लावताना सगळं पिठासारखं फिकट दिसतं, रंग आगीतच उघडतो. पाठीवरचे दाणे खोल कोरा, ग्लेझ वितळून ते बुजवते. माझे निम्मे गेले. बुडाला ग्लेझ नको, शेल्फला चिकटेल.

चिखलातून आत्ताच वर आल्यासारखी ओली, हिरवट चमकत होती. मावशीला दाखवली. तिने रंग बघितलाच नाही, थेट उलटी करून पोटाची झाकणी बघितली. निमुळती.

"नर केलंस. गाभोळीची मादी करूक व्हयी होती."