पंख्याच्या पाठीवरचे १७ तुकडे

माझ्या टेबलावर लोणच्याची एक जुनी बरणी आहे. तिच्यात लोखंडाचे १७ तुकडे आहेत. कुणी चौकोनी, कुणी पट्टीचा कापलेला, एक तर चक्क अर्धा नट. घरी आलेले पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगतो, आमच्या आयडी फॅनचे दागिने. बायको सांगते, भंगार. दोन्ही खरं आहे.

साखर कारखान्याच्या बॉयलरबद्दल उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला फार सांगायला नको. रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो आणि त्याचा धूर ओढून चिमणीत ढकलतो तो आयडी फॅन. आमच्या फॅनला २५० किलोवॅटची मोटर, वेग ९९० आरपीएम, रोटरचं वजन १,८०० किलो, पाती १२. फॅन थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की गव्हाणीपुढे ट्रॅक्टरची रांग लागते आणि रांगेतल्या शिव्या थेट इंजिनिअरिंग खात्याच्या नावावर जमा होतात.

माझा तिथला दुसराच हंगाम होता. जानेवारीत फॅनकडच्या बेअरिंगच्या हादऱ्याचं आडवं रिडिंग ९.२ मिमी प्रति सेकंद आलं. या आकाराच्या, पक्क्या फाउंडेशनवरच्या मशीनला हादऱ्यांच्या तेव्हाच्या मानकात, आयएसओ १०८१६ मध्ये, २.८ पर्यंत ठीक म्हटलं होतं आणि ४.५ च्या वर धोका. म्हणजे आम्ही धोक्याच्या दुप्पट. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या टी. सी. रॅथबोन नावाच्या इंजिनिअरने १९३९ मध्ये अनुभवावरून एक तक्ता छापला, किती हादरा चालेल आणि किती चालणार नाही याचा. यंत्र मोडलं की पैसे भरायचे विमा कंपनीने, तेव्हा हादरे मोजायची घाई त्यांनाच आधी असणार.

स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती हादरा याचा आलेख, बघितला तर १६.५ हर्ट्झवर एकच उंच सुळका. ९९० भागिले ६० म्हणजे १६.५. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक धक्का. दुप्पट फ्रीक्वेन्सीला काही नाही, म्हणजे अलाइनमेंट बरी, मोटर आणि फॅन एका रेषेत. पुढे बारीक सुळक्यांची रांग नाही, म्हणजे ढिलेपणाही दिसत नाही. तरी बोल्ट तपासले. सेन्सर आधी प्लमर ब्लॉकच्या, म्हणजे बेअरिंगच्या घराच्या, पायावर लावायचा, मग दोन बोटं खाली बेस प्लेटवर. दोन रिडिंगांत मोठी तफावत आली तर मधला बोल्ट खोटं बोलतोय. आमचे चारही बोल्ट खरे निघाले. मग उरला अनबॅलन्स, म्हणजे रोटरची एक बाजू जड. मी खूश, कारण बॅलन्सिंग मला येत होतं. निदान पुस्तकातलं.

फिटर तात्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक प्लमर ब्लॉकला लावलं, मूठ कानाला. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. म्हणाले, "बेरिंग चांगलं हाय साहेब. पण आधी धुवून तर बघा त्याला. अंगावर मळ घेऊन कुणी वजन करतं व्हय?"

मी मान हलवली आणि ऐकलं नाही. धुवायचं तर इंपेलर, म्हणजे फॅनचं पात्यांचं चाक, थंड व्हायला हवा, आणि रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या क्लिनिंगसाठी मिल थांबली होती ती सकाळपर्यंतच. त्यात हे गाऱ्हाणं नको असं मला वाटलं. वरचे साहेबही "लवकर" एवढंच म्हणत होते.

अडचण वेगळीच आली. फेज मोजायला शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवतात आणि ऑप्टिकल टॅकोने, म्हणजे प्रकाशाने फेरे टिपणाऱ्या यंत्राने, ती वाचतात. टॅकोची केबल तुटलेली. फेज नाही म्हणजे हादरा किती ते कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही. मग मी कंपासपेटी मागवली. टाइम ऑफिसच्या कारकुनाचा मुलगा सातवीत होता, त्याची.

फेजशिवाय बॅलन्स करायची ही रीत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलं रिडिंग आहे तसं: ९.२. मग १५० ग्रॅमचा तुकडा पहिल्या पात्याजवळ, काठावर, मध्यापासून ९०० मिलिमीटरवर लावून चालवलं: ८.८. तोच तुकडा १२० अंशांवर, पाचव्या पात्याजवळ: ७.२. मग २४० अंशांवर, नवव्याजवळ: १३.८. प्रत्येक वेळी वेग तोच, हवेची वाट अडवणारा डॅम्पर तसाच बंद. आता कागदावर १ मिमी प्रति सेकंदाला ५ मिलिमीटर असं माप धरून ४६ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्याच्या परिघावर ०, १२० आणि २४० अंशांवर खुणा. पहिल्या खुणेवरून ४४ ची, दुसरीवरून ३६ ची, तिसरीवरून ६९ ची कमान. तिन्ही कमानी एका बिंदूत कधीच भेटत नाहीत, बारीकसा त्रिकोण उरतो. त्याच्या पोटात टिंब द्यायचं. वर्तुळाच्या मध्यापासून ते टिंब २३ मिलिमीटरवर आलं, दिशा ७० अंश. म्हणजे १५० ग्रॅमचा परिणाम २३ आणि मूळ दुखणं ४६. वजन लागणार दुप्पट, ३०० ग्रॅम. तिसऱ्या आणि चौथ्या पात्याच्या मध्ये, तिसऱ्याकडे जरा सरकून.

३०० ग्रॅम म्हणजे एक मोठा कांदा. पण ९०० मिलिमीटरवर ९९० आरपीएमला तो सुमारे २९५ किलोने शाफ्ट ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला साडेसोळा वेळा फिरते. पाच किलो दगडाची गोफण फिरवणाऱ्या खांद्याला विचारा.

रात्रभर हेच चाललं, कारण मोटरला तासाला दोनपेक्षा जास्त गरम स्टार्ट द्यायचे नाहीत यावर इलेक्ट्रिकलवाले ठाम होते. दर वेळी फॅन थांबवून आत जाताना इंपेलरला लाकडी पाचर मारावी लागे. डॅम्पर बंद असला तरी चिमणीच्या ओढीने तो आपला सावकाश फिरत राहतो, आणि १,८०० किलो सावकाश फिरले तरी हात घेतात. तुकडा लॅबमधल्या काट्यावर तोलला. वेल्डरने अर्थिंगचा क्लॅम्प सवयीने बेअरिंग पेडेस्टलला लावला होता, तात्यांनी तो हिसकून इंपेलरलाच लावला. नाहीतर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि दोन महिन्यांनी फॅन ओरडायला लागला की कुणालाच कारण सापडत नाही.

पहाटे पाचला शेवटचं रिडिंग: २.१. मी त्या कागदाचा फोटो काढून कॉलेजच्या मित्रांना पाठवला. अजून आहे फोनमध्ये.

नऊ दिवसांनी बॉयलर अटेंडंटचा फोन. रिडिंग ८.९.

मला वाटलं वजन सुटलं. आत गेलो तर वजन होतं तिथेच, वेल्ड सुंदर. बदललं होतं बाकी सगळं. आमच्याकडे फॅनच्या आधी धूर पाण्याने धुणारा वेट स्क्रबर आहे. तिथून येणारी ओली राख पात्यांच्या मागच्या बाजूला थापली जाते आणि उष्णतेने भाजून घट्ट होते, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. त्या रात्री काही पात्यांवर जाड थर होता, काहींवर पातळ. मी ३०० ग्रॅम लोखंड लावून तोल साधला होता तो त्या राखेचा. नवव्या दिवशी थर निखळून पडला आणि माझा तुकडा एकटा उरला. पात्यांवरची उरलीसुरली राख छिन्नीने आणि पाण्याने काढली, चालवून बघितलं: ८.६. माझा तुकडा कापून काढला: २.४.

म्हणजे पहिल्या रात्री नुसता फॅन धुतला असता तरी काम झालं असतं. तात्या काही बोलले नाहीत. चहा मात्र त्या दिवशी मी पाजला.

तेव्हाच पहिल्यांदा मी इंपेलरची मागची तबकडी नीट बघितली. जिथे हात फिरवावा तिथे वजनाचा तुकडा. दर हंगामात कुणीतरी घाईत असणार, प्रत्येकाने आपल्या रात्रीच्या राखेला आपला तुकडा लावला. पुढे ती राख पडली आणि दुसऱ्याने त्या तुकड्याचा तोल साधायला समोर आणखी एक डकवला.

त्या वर्षी गळीत संपल्यावर मी चीफ इंजिनिअरांकडे गेलो आणि म्हणालो, सगळे तुकडे काढू या. ते म्हणाले, चाललंय ना? मी म्हणालो, चाललंय. शेवटी तात्याच म्हणाले, "काढू की साहेब, पावसाळ्यात कुठं ऊस येतोय?" मग मंजुरी मिळाली.

ग्राइंडरने १७ तुकडे कापले. लॅबच्या काट्यावर एकूण ४ किलो १३० ग्रॅम. सँडब्लास्टिंग करून वेल्डची डीपी टेस्ट, म्हणजे रंग लावून भेगा शोधायची चाचणी, घेतली तर दोन तुकड्यांच्या खालून, पात्याच्या मुळापर्यंत गेलेल्या केसाएवढ्या भेगा निघाल्या. हादरा थांबवायला लावलेल्या वजनांनीच इंपेलर फाडायला घेतला होता, हे मला आजही पचत नाही. भेगा दुरुस्त केल्या, नवी केबल असलेला टॅको घेतला, धुतलेल्या फॅनचं बॅलन्सिंग केलं. वजन लागलं २१० ग्रॅम. आधीचे चार किलो बहुतेक एकमेकांशीच भांडत होते.

आता आमच्या वहीत फॅनच्या पानावर रिडिंगाशेजारी एक जादा रकाना आहे: "धुतला कधी". दसऱ्यानंतर बॉयलर पेटतो तेव्हा १.७, डिसेंबरअखेर २.६, संक्रांतीच्या सुमाराला साडेतीनच्या वर जातो आणि धुतला की परत १.९ वर येतो. धुऊनही खाली आला नाही तरच वजनाचा विषय काढायचा, असा माझा हेका आहे. यावर चिडणारे लोक आहेत. वजन लावायला तास पुरतो आणि इंपेलर थंड करून, खरवडून, वाळवायला सहा.

यंदा जानेवारीत ४.१ झालं. नवा वेल्डर होल्डर घेऊन तयारच उभा होता. म्हणाला, "साहेब, किती ग्रॅमचा कापू?" मी म्हणालो, पाण्याचा पाइप आण. तो पाइप आणायला गेला आणि मी पाचर शोधायला.