जखमी क्वार्टरबॅक घ्यावा का? आमच्या फँटसी ड्राफ्टचा माझा अनुभव

दोनतीन मैत्रिणींनी विचारलं की तू ते फँटसी फुटबॉल खेळतेस म्हणजे नक्की काय करतेस, आणि पाय दुखावलेला माणूस मुद्दाम का घेतलास, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला. मी ओहायोत सिनसिनाटीला असते आणि आमच्या ऑफिसात बारा जणांची लीग आहे, त्यात देशी आम्ही दोघंच, बाकी सगळे जन्मापासून इथल्या बेंगल्स टीमचे भक्त. गोष्ट २०२३ च्या सीझनची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाने एनएफएलमधले, म्हणजे इथल्या फुटबॉल लीगमधले, खरे खेळाडू निवडून आपली कागदावरची टीम बनवायची, रविवारी ते जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. आमच्यात आयपीएलसारखा लिलाव नसतो, पैसे नसतात, नंबर लागतो, पहिल्या राउंडला एक ते बारा आणि दुसऱ्याला उलटं बारा ते एक, असं सापासारखं वळत जातं म्हणून त्याला स्नेक ड्राफ्ट म्हणतात. माझा नंबर नववा होता. म्हणजे ९ वा खेळाडू माझा, मग १६ वा, मग थेट ३३ वा, आणि मधल्या वेळात लोक तुमच्या डोळ्यांसमोरून एकेक नाव उचलून नेतात आणि तुम्ही चिप्स खात बसता.

तर २७ जुलैला काय झालं, बेंगल्सचा ट्रेनिंग कॅम्प नुकताच सुरू झालेला, आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून सगळा खेळ चालवणारा, जो बरो पळता पळता लंगडला आणि खाली बसला. कोणी धक्का मारला नाही, काही नाही. गाडीवर बसवून आत नेला. उजवी पोटरी. कोच झॅक टेलर म्हणाला बरेच आठवडे लागतील, आणि त्यानंतर महिनाभर ठोस अशी काहीच बातमी नाही. त्या दिवशी ऑफिसात सुतक असल्यासारखं वातावरण, मी अतिशयोक्ती करत नाहीये. या गावात त्याची ९ नंबरची जर्सी घातलेला माणूस दिसल्याशिवाय तुम्ही किराणा आणू शकत नाही. बरो ओहायोतच वाढलेला, २०२० च्या एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे टीम कॉलेजमधले खेळाडू निवडतात, पहिला नंबर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचे लिगामेंट तुटले आणि पुढच्याच सीझनला टीमला सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, घेऊन गेला. हरले, पण गेले.

आता पोटरी म्हटल्यावर आमच्या लीगमधले जुने लोक का घाबरले त्याचं कारण आहे. इथून दोन तासांवर इंडियानापोलिस, तिथला क्वार्टरबॅक अँड्र्यू लक. २०१९ ला त्याचंही पोटरीपासूनच सुरू झालं होतं, आधी पोटरी म्हणाले, मग घोटा म्हणाले, आणि २४ ऑगस्टला प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीची सराव मॅच चालू असताना बातमी फुटली की हा रिटायर होतोय. वय २९! स्टेडियममधून बाहेर पडताना त्याच्याच गावच्या लोकांनी हुर्यो केली. आमच्या लीगचा ड्राफ्ट त्या वर्षी त्याच दुपारी झाला होता आणि एकाने लकला घेतलं होतं, त्या बिचाऱ्याला अजून दर ऑगस्टला ऐकवतात.

घरी नवऱ्याचं वेगळंच. तो पक्का मुंबई इंडियन्सवाला, तो म्हणाला, "आर्चर विसरलीस का?" नाही विसरले. २०२२ च्या मोठ्या लिलावात मुंबईने जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतला, त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असून, पुढच्या वर्षी बुमराबरोबर बॉलिंग टाकेल म्हणून. पुढच्या वर्षी बुमराच पाठ धरून बसला आणि आर्चर पाच मॅच खेळून इंग्लंडला परत. मी म्हटलं अहो पण ते ८ कोटी होते, माझं फक्त पाचव्या राउंडचं पिक जाईल. इथेच तर सगळी मेख आहे. बरो बरा होईल का हा प्रश्नच आपल्यासाठी नाही, ते त्याच्या डॉक्टरलाही त्या दिवशी छातीठोक सांगता आलं नसतं. आपला प्रश्न एवढाच की किती स्वस्तात मिळतोय, आणि तो नसताना मी कोणाला खेळवणार.

मग मी हिशोब केला. आमच्या लीगमध्ये क्वार्टरबॅकला २५ यार्डांच्या पासिंगला एक पॉइंट आणि टचडाउन पासला ४ (बॉल समोरच्या शेवटच्या रेषेपार नेणं म्हणजे टचडाउन). रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, १० यार्डांना एक आणि टचडाउनला ६. त्यात प्रत्येक टीम क्वार्टरबॅक एकच लावते, म्हणजे दर आठवड्याला बारा लागतात आणि एनएफएलमध्ये सुरू करणारे ३२ असतात. बाकीचे वीस कुठेतरी पडलेलेच असतात ना. चांगले रनिंग बॅक मात्र तिसऱ्या राउंडपर्यंत संपतात. म्हणून अशा लीगमध्ये क्वार्टरबॅकवर जुगार खेळणं सगळ्यात कमी धोक्याचं, तोच जुगार रनिंग बॅकवर खेळलात तर भोगाल. दोन क्वार्टरबॅक लावायची लीग असेल तर हे गणित पार उलटतं, तिथे मी जखमी माणसाला हातही लावला नसता.

खऱ्या टीमचं दुखणं आणखी वेगळं, त्यांना एकच माणूस घेऊन वर्षानुवर्षं बसायचं असतं. २००६ ला मायामी डॉल्फिन्सकडे क्वार्टरबॅकचे दोन पर्याय होते, खांद्याचं ऑपरेशन झालेला ड्रू ब्रीज आणि गुडघ्याचं झालेला डॉन्टे कल्पेपर. डॉक्टरांना खांद्याची भीती वाटली, त्यांनी गुडघा घेतला. कल्पेपर त्या सीझनला चार मॅच खेळला. ब्रीज न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २००९ च्या सीझनला त्याने तिथल्या सेंट्सना सुपर बोल जिंकून दिला. तेव्हा मेडिकल रिपोर्ट हातात असणारे लोकही शेवटी अंदाजच बांधतात, आपण कोण.

ड्राफ्ट ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला, कमिशनरच्या, म्हणजे आमची लीग चालवणाऱ्याच्या, बेसमेंटमध्ये. भिंतीवर मोठा बोर्ड, नावांचे स्टिकर, आणि खायला इथली ती चिली, स्पॅगेटीवर ओततात आणि वर चीजचा ढीग, मला अजून झेपत नाही पण ते असो. नवव्या नंबरला मी रनिंग बॅक निक चब घेतला. क्लीव्हलँड ब्राउन्सचा! सिनसिनाटीच्या बेसमेंटमध्ये ब्राउन्सचं नाव घेतल्यावर जे व्हायचं ते झालं, एकाने तर माझी प्लेट काढून घेतली. पण तो त्या वेळी सगळ्यात भरवशाचा, तब्येत ठणठणीत. सोळाव्याला फिलाडेल्फियाचा ए. जे. ब्राउन, पास झेलणारा, मिळाला.

आता गंमत अशी की आमच्या गावात बरो नेहमी महाग जातो, प्रेमापोटी तिसऱ्या राउंडलाच कोणीतरी उचलतं. या वेळी तिसरा राउंड गेला, चौथा गेला, सगळे बोर्डकडे बघतायत आणि कोणी हात लावत नाही. मला वाटतं बाहेरच्या गावच्या लीगमध्ये तो थोडा आधी गेला असता, इथे लोकांना त्याची फार काळजी होती ना, रोज बातम्या बघून बघून घाबरलेले. ५७ वं पिक माझं होतं, पाचवा राउंड, मी स्टिकर लावला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याचा लक गेला होता तो एवढंच म्हणाला, "गुड लक," आणि सगळे खो खो हसले.

आणि त्याच्यानंतर जे केलं ते जास्त महत्त्वाचं आहे, पण ते कोणी विचारत नाही. एरवी मी दुसरा क्वार्टरबॅक घेतच नाही, जागा फुकट जाते. या वेळी दहाव्या राउंडला डेट्रॉइटचा जॅरेड गॉफ घेतला. गॉफ म्हणजे साधा सरळ माणूस, पळत नाही, नाटकं नाहीत, समोर त्याला वाचवणारी चांगली लाइन असेल तर शांतपणे बॉल टाकत राहतो. बरोची खरी किंमत म्हणजे पाचवा अधिक दहावा राउंड, असं मी धरलं होतं.

ड्राफ्टनंतर तीनचार दिवसांत बरो प्रॅक्टिसला परतला, मग पाच वर्षांचा २७.५ कोटी डॉलरचा करारही झाला, आणि गावात असं चालू झालं जणू काही झालंच नव्हतं. मी ठरवलं होतं की पहिला महिना गॉफच. बुधवार ते शुक्रवार इंजुरी रिपोर्ट येतो, पूर्ण प्रॅक्टिस केली की अर्धी की नाहीच, मी तो रोज बघायचे, पण पोटरीच्या बाबतीत तो रिपोर्ट पुरेसा नाही असं माझं मत झालंय. माणूस पूर्ण प्रॅक्टिस करतो आणि मॅचमध्ये उभ्याउभ्या बॉल टाकतो. पहिल्याच रविवारी क्लीव्हलँडला पावसात बरोचे फक्त ८२ यार्ड, टीम २४-३ ने हरली. ८२ यार्ड म्हणजे सव्वातीन पॉइंट, आणि ते माझ्या बेंचवर होते, म्हणजे मोजलेच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बॉल्टिमोरविरुद्ध पोटरी परत धरली.

पण त्याच दोन आठवड्यांत तब्येतीने ठणठणीत असलेल्यांचं काय झालं बघा. ॲरन रॉजर्स, न्यूयॉर्क जेट्सकडून पहिलीच मॅच, चौथ्याच चालीला टाचेची शीर तुटली आणि सीझन संपला. आमच्या लीगमध्ये ज्याने रॉजर्स घेतला होता त्याने दुसरा क्वार्टरबॅक घेतलाच नव्हता, कशाला घेईल. आणि पुढच्या सोमवारी पिट्सबर्गला माझा निक चब, गुडघा असा वळला की टीव्हीवाल्यांनी रिप्ले दाखवायलाही नकार दिला. मी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेले. फँटसीचं वाईट वाटायला नंतर वेळ मिळाला, आधी त्या पोराचंच वाटलं. जी दुखापत पेपरात छापून आलेली असते ती सूट देऊन विकतात, जी अजून व्हायची असते तिचे पूर्ण पैसे घेतात, पहिल्या राउंडचे.

टीम तरली ती ए. जे. ब्राउनमुळे. त्याने सलग सहा मॅचमध्ये १२५ च्या वर यार्ड काढले, एनएफएलच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं. बरोला मी ॲरिझोनाच्या मॅचला अजून बेंचवरच ठेवला, त्याने ३१७ यार्ड आणि जमार चेसला तीन टचडाउन दिले, ऑफिसात सगळे मला चिडवायला तयारच बसलेले, पण गॉफनेही त्याच दिवशी तीन टचडाउन पास टाकले होते. त्या मॅचमध्ये मला पाहिजे ते दिसलं, बरो दबाव आल्यावर बाजूला सरकत होता, दोन्ही पायांवर भार देत होता. बेंगल्सचा सुट्टीचा आठवडा (प्रत्येक टीमला सीझनमध्ये एक असतो) झाला आणि मी त्याला खेळवायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ३२ पैकी २८ पास आणि तीन टचडाउन. पुढच्या रविवारी डेट्रॉइटची सुट्टी होती, गॉफ नव्हता, त्या दिवशी बरोचे बफेलोविरुद्ध ३४८ यार्ड. पाचव्या राउंडचा माल पहिल्या राउंडसारखा खेळत होता.

१६ नोव्हेंबरचा गुरुवार, बॉल्टिमोर. जो मिक्सनला टचडाउन दिला, आणि साइडलाइनला जाऊन बॉल हातात धरून बघतोय तर पकडताच येत नाही. उजवं मनगट. दुसऱ्या दिवशी कळलं, सीझन खलास. पोटरी केव्हाच बरी झाली होती. त्यात मॅचआधी बसमधून उतरताना त्याच्या त्या हाताला काहीतरी बांधलेलं दिसतंय असा टीमचाच एक व्हिडिओ होता, तो नंतर काढला, आणि इंजुरी रिपोर्टात मनगटाचा उल्लेखच नव्हता म्हणून एनएफएलने चौकशी केली. मी तर तो रिपोर्ट रोज वाचत होते!

मग सगळे म्हणाले जेक ब्राउनिंग घे, बरोच्या जागी आलेला, त्याने जॅक्सनव्हिलला जाऊन ३५४ यार्ड काढले होते आणि गाव पुन्हा वेडं झालं होतं. मी नाही घेतला. माझ्याकडे गॉफ होता. आमच्या प्लेऑफच्या पहिल्या आठवड्याला डेन्व्हरविरुद्ध गॉफचे पाच टचडाउन पास, ३१ पॉइंट एकट्याचे, आणि समोर कोण, तर कमिशनर. पुढच्या आठवड्यात मी सेमीफायनल हरले, रनिंग बॅकच नव्हते माझ्याकडे, चबनंतर ती जागा कधी भरलीच नाही.

२०२४ च्या ड्राफ्टला बरोचं मनगट नुकतंच बरं झालेलं, परत तीच कुजबुज, आणि मी निवांत बसले होते की पाचव्या-सहाव्याला येईलच माझ्याकडे. कमिशनरने चौथ्यातच उचलला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या वर्षी बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन टाकले, दोन्हीत लीगमध्ये पहिला. कमिशनरने दुसरा क्वार्टरबॅक घेतला नव्हता, लागलाच नाही त्याला.